जुना सॅक्सोफोन घेताय? आधी एक अक्षर शोधा

एपिसोड ऐकायला वेळ नाही मिळाला? हरकत नाही, मुद्दे इथे वाचा.

ऑनलाइन १९२०च्या आसपासचा अमेरिकन सॅक्सोफोन दिसतो. चांदीचा मुलामा, सुरेख नक्षी, किंमतही आवाक्यात. हात शिवशिवतात ना? जरा थांबा. विक्रेत्याकडे आणखी एक फोटो मागा. वाद्याच्या मागे, उजव्या अंगठ्याच्या हुकाखाली सीरियल नंबर असतो, त्या भागाचा.

एल्कहार्टची कॉन कंपनी तिथे ‘एल’ किंवा ‘एच’ ठोकायची. काहींवर ‘लो पिच’ असं पूर्ण लिहिलेलं असतं. ‘एल’ म्हणजे लो पिच, आजचाच ४४० हर्ट्झचा सूर. ‘एच’ म्हणजे हाय पिच, सुमारे ४५७ हर्ट्झ. त्या काळी काही बँड या चढ्या सुरात वाजवत. आज असं वाद्य कीबोर्डबरोबर लागतच नाही.

मग माउथपीस थोडा बाहेर ओढला तर? नाही जमत. नळी लांब होते, पण भोकं जागच्या जागीच राहतात. वाढलेली लांबी आखूड नळीच्या सुरांना जास्त उतरवते, लांब नळीच्या सुरांना कमी. एक सूर जुळवला की दुसरा बिघडतो. पैसे तर जातातच, वर शिकणाऱ्याला वाटतं, आपलाच कान कच्चा!

‘एल’ दिसला की बाकीच्या दुखण्यांवर बहुतेक वेळा इलाज असतो. मुख्य दुखणं म्हणजे हवेची गळती. अंधाऱ्या खोलीत नळीत छोटा एलईडी दिवा सोडा आणि की अलगद दाबा. पॅडच्या कडेने उजेड दिसला, की तिथून हवा जाते. चामड्याचे पॅड कडक झाले असतील तर बदलतात. ते लाखेने चिकटवतात, लाख गरम केली की पॅड नीट बसवता येतो. पोचे निघतात, स्प्रिंगा नव्या बसतात. पण हे काम कारागिराकडेच द्या.

आणि हो, चकाचक करायच्या नादात पॉलिशचं मशीन फिरवू देऊ नका. नक्षी झिजते, किंमत उतरते. जुनं वाद्य थोडं काळवंडलेलंच बरं.

तर फोटो आधी, पैसे नंतर. भेटू पुढच्या भागात!