गाडीचं इग्निशन लॅपटॉपला जोडलं, पण स्क्रीनवर काहीच येईना? बहुतेक वेळा गडबड केबलमध्ये असते

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की जुन्या पेट्रोल गाड्यांची एक तक्रार हमखास सुरू होते. गाडी भरलेली असते, समोर चढ असतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा टणटण आवाज येतो. गॅरेजवाला आवाज ऐकूनच सांगतो, "गाडी नॉक करतेय, टायमिंग बघावं लागेल."

पूर्वी यावरचा उपाय सोपा होता. बॉनेट उघडायचं, डेल्कोचा नट सैल करायचा, डेल्को थोडासा फिरवायचा आणि पुन्हा कसायचा. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, पण गॅरेजमध्ये त्याला त्या नावाने फारसं कुणी ओळखत नाही. आता मात्र जुन्या मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनीची हौस असलेले काही जण डेल्को काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन कंट्रोलर बसवतात. मग टायमिंग बदलायला पाना नाही, लॅपटॉप लागतो.

आणि खरी डोकेदुखी इथूनच सुरू होते. कंट्रोलरला जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट असतो, लॅपटॉपला फक्त यूएसबी. मधे एक यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावायचा आणि लावल्यावर स्क्रीनवर काहीच येत नाही. लोकांना वाटतं कंट्रोलर जळाला. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा ठणठणीत असतो.

हा कंट्रोलर नेमकं करतो काय?

पेट्रोल इंजिनमध्ये पिस्टन वर येत असताना, तो अगदी टोकाला पोहोचायच्या थोडं आधी प्लगने ठिणगी टाकायची असते. कारण मिश्रण एका क्षणात जळत नाही, आग पसरायला वेळ लागतो. ही ठिणगी किती आधी टाकायची ते अंशांमध्ये मोजतात. इंजिन जितकं जोरात फिरतं तितकी ठिणगी साधारणपणे लवकर लागते. इंजिनवर भार जास्त असेल, तर ती थोडी उशिरा टाकावी लागते.

डेल्कोमध्ये हे काम वजनं, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमची एक नळी मिळून करायची. कंट्रोलरमध्ये त्याऐवजी आकड्यांचा एक तक्ता असतो. जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये जगभर प्रसिद्ध असलेल्या मेगाजोल्ट लाइट ज्युनिअर या कंट्रोलरमध्ये १० बाय १० चा तक्ता आहे. एका बाजूला इंजिनचा वेग, दुसऱ्या बाजूला भार, आणि प्रत्येक चौकटीत किती अंश आधी ठिणगी टाकायची तो आकडा. हा कंट्रोलर फोर्ड कंपनीच्या ईडीआयएस नावाच्या इग्निशन मॉड्यूलसोबत चालतो. इंजिन कुठे फिरतंय हे कळायला क्रँकच्या पुलीवर ३६ दात्यांचं चाक बसवतात आणि त्यातला एक दाता मुद्दाम गाळलेला असतो. ती रिकामी जागा सेन्सरसमोरून गेली की मॉड्यूलला पिस्टनची जागा समजते.

हे सगळं परकं वाटत असेल, तर घरातली बाईक आठवा. जमनालाल बजाज यांची कर्मभूमी वर्धा. त्यांच्या उद्योगसमूहातल्या बजाज ऑटोने २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय तंत्रज्ञान दिलं. त्यात एका सिलिंडरला दोन प्लग होते आणि ठिणगीची वेळ ठरवायला डिजिटल इग्निशन होतं. म्हणजे महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी असा कंट्रोलर वापरलाय, फक्त त्याला लॅपटॉप जोडायची वेळ कधी आली नाही.

लॅपटॉप गाडी चालवत नाही

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना वाटतं की लॅपटॉप जोडला की ठिणगी लॅपटॉप टाकतो. हे शक्यच नाही, आणि साधं गणित करून ते दिसतं.

इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल, तर एक फेरी १० मिलिसेकंदांची होते. त्याचे ३६० भाग केले की एका अंशाला मिळतात साधारण २८ मायक्रोसेकंद. मेगाजोल्टचा सिरियल पोर्ट ३८,४०० बॉड वेगाने बोलतो. या वेगाने एक अक्षर पाठवायला साधारण २६० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे केबलमधून एक अक्षर पोहोचेपर्यंत क्रँक नऊ अंश फिरून गेलेला असतो!

म्हणून ठिणगीचा हिशोब कंट्रोलर स्वतः करतो. लॅपटॉप फक्त तक्ता वाचतो, त्यातले आकडे बदलतो आणि इंजिन काय करतंय ते दाखवतो. केबल निघाली तरी गाडी शेवटच्या तक्त्यावर चालत राहते. इतकंच नाही, कंट्रोलरकडून येणारा सिग्नल तुटला, तर ईडीआयएस मॉड्यूल १० अंशांवर ठिणगी टाकत राहतं. गाडी मंद चालते, पण घरी पोहोचवते.

थोडक्यात, संपर्क तुटला तर घाबरायचं कारण नाही. संपर्क झाल्यावर चुकीचा आकडा टाकला, तर मात्र आहे.

मग संपर्क का होत नाही?

तपासणी साध्या गोष्टीपासून सुरू करायची. अडॅप्टरला वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून मिळते, कंट्रोलरला मिळत नाही. त्याला गाडीची १२ व्होल्टची बॅटरी लागते, म्हणजे चावी 'ऑन'वर हवी. चावी खिशात आणि अडॅप्टरचा दिवा लागलाय म्हणून सगळं सुरू आहे असं समजणारे कमी नाहीत.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. जुना सिरियल पोर्ट आरएस-२३२ या १९६० च्या दशकातल्या पद्धतीवर चालतो. त्यात '१' म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि '०' म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. मायक्रोकंट्रोलरची चिप मात्र '०' साठी शून्य आणि '१' साठी ५ किंवा ३.३ व्होल्ट वापरते. बाजारात अडॅप्टरही दोन जातीचे मिळतात. नऊ पिनांचा मोठा कनेक्टर असलेले बहुतेक अडॅप्टर आरएस-२३२ चे असतात आणि उघड्या पिनांचे छोटे बोर्ड ५ किंवा ३.३ व्होल्टचे. कनेक्टर कसातरी जुळवून चुकीची जात जोडली, तर स्क्रीनवर कचरा अक्षरं येतात. आरएस-२३२ चे उणे व्होल्ट थेट चिपच्या पिनवर गेले, तर चिप जळूही शकते. म्हणून कंट्रोलरच्या माहितीपत्रकात कोणती पातळी लिहिली आहे ते आधी बघायचं, खरेदी नंतर.

तिसरी गोष्ट अडॅप्टरमधली चिप. सहसा ती चारपैकी एका कंपनीची असते: स्कॉटलंडची एफटीडीआय, तैवानची प्रोलिफिक, अमेरिकेची सिलिकॉन लॅब्स किंवा चीनची डब्ल्यूसीएच. यातल्या एफटीडीआय आणि प्रोलिफिकच्या नकली चिपांनी अनेकांना रडवलंय. २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून एफटीडीआयचा असा ड्रायव्हर आला, ज्याने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. रात्री चालणारे अडॅप्टर सकाळी ओळखूच येईनात. जगभर ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर जुनी पीएल-२३०३ चिप पाहिली की ती २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा, असा संदेश थेट डिव्हाइस मॅनेजरमध्ये दाखवतो. तेव्हा तिथे पिवळं चिन्ह दिसलं, तर कंट्रोलर उघडायच्या आधी अडॅप्टर बदलून बघा.

चौथी गोष्ट पोर्टचा नंबर आणि वेग. अडॅप्टर लावला की विंडोज त्याला कॉम ३, कॉम ७, कॉम १२ असा नंबर देतं. काही जुन्या सॉफ्टवेअरला मोठे नंबर दिसतच नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन नंबर लहान करता येतो. वेगही दोन्हीकडे एकच हवा. मेगाजोल्टला ३८,४००, तर अर्डुइनो मेगा बोर्डावर चालणाऱ्या स्पीडुइनोला १,१५,२००. वेग चुकला की उत्तर येत नाही किंवा अगम्य चिन्हं येतात.

दोष कुठे आहे हे एका तारेच्या तुकड्याने शोधा

नऊ पिनांचा अडॅप्टर कंट्रोलरपासून काढा. त्याची २ आणि ३ नंबरची पिन छोट्या तारेने जोडा. आता पुट्टीसारख्या साध्या टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये तो कॉम पोर्ट उघडून काहीही टाईप करा. टाईप केलेली अक्षरं परत स्क्रीनवर आली, तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि अडॅप्टर तिन्ही ठीक आहेत. दोष पुढच्या केबलमध्ये, वेगात किंवा कंट्रोलरमध्ये शोधायचा. अक्षरं आली नाहीत, तर कंट्रोलरला हातही लावायची गरज नाही.

अडॅप्टर ठीक असूनही उत्तर येत नसेल, तर केबल बघा. काही केबल सरळ असतात, काहींमध्ये २ आणि ३ नंबरच्या तारा उलटसुलट केलेल्या असतात. चुकीची केबल लावली की दोन्ही बाजू एकाच तारेवर बोलतात आणि ऐकत कुणीच नाही.

गाडी बंद असताना सगळं नीट आणि इंजिन सुरू केलं की संपर्क तुटतो, असं होत असेल तर दोषी ठिणगी आहे. कॉईलमधून प्लगकडे जाणारं व्होल्टेज हजारोंच्या घरात असतं आणि त्याचा गोंगाट शेजारच्या तारांमध्ये शिरतो. यूएसबी केबल आखूड ठेवा, प्लगच्या तारांपासून लांब न्या, रेझिस्टर असलेले प्लग वापरा आणि लॅपटॉप चार्जरऐवजी त्याच्या बॅटरीवर चालवा.

संपर्क झाला, आता खरी जोखीम

तक्ता दिसला की पहिलं काम म्हणजे त्याची प्रत लॅपटॉपमध्ये सेव्ह करणं. दुसरं काम टायमिंग लाइट घेऊन पुलीवरची खूण तपासणं. स्क्रीनवर १० अंश असताना खूणही १० वरच दिसली पाहिजे. दात्यांचं चाक किंवा सेन्सर आठ अंशांनी चुकीच्या जागी बसला असेल, तर स्क्रीनवर २० दिसेल आणि इंजिनमध्ये ठिणगी २८ वर पडेल. लॅपटॉपला हे कधीच कळणार नाही.

ठिणगी जास्त लवकर पडली की नॉकिंग होतं. तापलेली हवा त्यात भर घालते. म्हणून थंड हवामानाच्या देशातल्या कुणीतरी इंटरनेटवर टाकलेला तक्ता वर्ध्याच्या उन्हाळ्यात जसाच्या तसा चालेल याची खात्री नसते. पेट्रोलही बदललंय. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल नॉकिंग रोखायला मदत करतं, पण कार्बुरेटर जुन्याच सेटिंगवर असेल तर मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं. म्हणून कार्बुरेटर आणि टायमिंग दोन्ही एकत्र बघावे लागतात.

गावातल्या रस्त्यावर नॉकिंगचा आवाज येतो आणि ड्रायव्हर पाय काढतो. वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मात्र तासभर एकाच वेगात गाडी दामटली जाते आणि वाऱ्याच्या आवाजात टणटण ऐकूही येत नाही. हेड गॅस्केट उडणं, पिस्टनचा माथा खराब होणं हे अशाच वेळी होतं. त्यामुळे सुरुवात कमी अंशांपासून करा, एका वेळी एक-दोन अंशच वाढवा आणि चाचणी घेताना लॅपटॉप शेजारी बसलेल्याच्या मांडीवर असू द्या, चालवणाऱ्याच्या नाही.

आणखी दोन गोष्टी. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असलेल्या नव्या गाडीला हा अडॅप्टर लावू नका. तिथल्या तारांची भाषा आणि व्होल्टेज वेगळे असतात, त्यासाठी ओबीडीचा स्कॅनरच लागतो. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. त्यामुळे एमएच-३२ पाटीच्या जुन्या गाडीचं इग्निशन बदलायच्या आधी वर्ध्याच्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्या, आणि बदलानंतर पीयूसी नव्याने काढा.