प्रोस्टेट वाढली आहे, आता पुढे काय?

घरातल्या वडीलधाऱ्यांची सोनोग्राफी होते, रिपोर्टवर ‘प्रोस्टेटोमेगली, ग्रेड 2’ असे छापून येते आणि सगळे घर धास्तावते. ऑपरेशन लगेच उरकून टाका, असे कुणी सुचवते. कुणाच्या मनात कॅन्सरची शंका येते. तो ग्रेड म्हणजे फक्त ग्रंथीचा आकार. उपचार मात्र एकट्या आकारावर ठरत नाहीत. लघवी किती अडते आणि त्याचा ताण मूत्राशयावर व मूत्रपिंडांवर किती आला आहे, हे पाहून ते ठरतात. 60 ग्रॅमची ग्रंथी घेऊन रात्रभर शांत झोपणारे आजोबा असतात, आणि 30 ग्रॅमच्या ग्रंथीने लघवी तुंबून मध्यरात्री दवाखाना गाठावा लागलेलेही असतात.

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधूनच खाली जातो. तरुणपणी तिचे वजन साधारण 20 ग्रॅम असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढते आणि आतला मार्ग आवळत जातो. मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब येत राहते, रात्री उठावे लागते. ही वाढ कॅन्सर नव्हे आणि तिचे रूपांतर कॅन्सरमध्ये होतही नाही. मात्र दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, म्हणून तपासणी टाळू नये.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आपण तीन दिवसांची नोंद ठेवावी. एक मापाचे भांडे बाथरूममध्ये ठेवायचे आणि दर वेळी किती वाजता, किती मिलिलिटर लघवी झाली ते लिहायचे. चोवीस तासांतल्या लघवीपैकी एक तृतीयांशाहून जास्त रात्रीच होत असेल, तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नसतो. पायांवरची सूज, हृदयाची दुर्बलता, झोपेत श्वास अडणे, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी, रात्रीचा चहा अशी कारणे निघतात. हे न पाहता ऑपरेशन केले, तर धार सुधारते पण रात्रीचे उठणे तसेच राहते, आणि मग ऑपरेशन फसले असे वाटते.

पहिल्या भेटीत सात प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात. एकूण गुण 35. सातपर्यंत त्रास सौम्य, 8 ते 19 मध्यम, त्यापुढे तीव्र. गडबड इथेच होते. मुलगा-सून शेजारी बसलेली असतात आणि आजोबा संकोचाने प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे’ म्हणतात. हा तक्ता त्यांना एकट्याने भरू द्यावा.

मग गुदद्वारातून बोटाने तपासणी होते. अर्ध्या मिनिटाचे काम असते, पण लाजेपोटी अनेक जण नकार देतात. ग्रंथीत टणक गाठ आहे का, हे त्या बोटालाच कळते. सोबत लघवीची तपासणी, रक्तातली साखर, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे एक प्रथिन) पाहतात. पीएसए कॅन्सरमध्ये वाढते, तसेच साध्या वाढीतही वाढते आणि लघवीच्या जंतुसंसर्गातही. संसर्ग असताना केलेल्या पीएसएवरून घाबरू नये. तो बरा झाल्यावर चाचणी पुन्हा करावी.

सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, तेही मोजतात. सोनोग्राफी केंद्रात ‘अजून पाणी प्या’ म्हणत तासभर बसवून ठेवतात, मूत्राशय गच्च भरून ताणले जाते आणि मग ते नीट रिकामे होत नाही. रिपोर्टवर उरलेली लघवी भरपूर दिसते. इतकी कळ येऊ देऊ नये. नेहमीसारखी लघवी लागली की आपणच तसे सांगावे. युरोफ्लोमेट्री, म्हणजे धारेचा वेग मोजणाऱ्या चाचणीतही हेच पाळावे. नरसाळ्यासारख्या यंत्रात लघवी करायची असते. ती 150 मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर आलेखावर भिस्त ठेवता येत नाही. वेग सेकंदाला 10 मिलिलिटरच्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता मोठी.

त्रास सौम्य असेल तर औषधाविनाही भागते. संध्याकाळनंतर पाणी व चहा कमी करावा, बद्धकोष्ठता होऊ देऊ नये. सर्दीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांतल्या काही औषधांनी वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये लघवी पूर्ण तुंबू शकते.

गोळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या. टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन यांसारख्या गोळ्या मार्गाचे स्नायू सैल करतात आणि काही दिवसांतच फरक पडतो. ग्रंथी मात्र लहान होत नाही, म्हणून बरे वाटले की गोळी सोडून देऊ नये. उठताना चक्कर येऊ शकते. रात्री आधी पलंगाच्या कडेला बसावे, मग उभे राहावे. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर ही गोळी चालू असल्याचे, किंवा पूर्वी घेतल्याचे, डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगावे. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिले पडते.

दुसरा प्रकार फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइडचा. मोठी ग्रंथी यांनी आकसते, पण पुरता गुण यायला सहा महिने लागतात. महिन्याभरात ‘उपयोग नाही’ म्हणून गोळी बंद करणारे फार. या गोळ्यांनी पीएसए जवळपास निम्मे होते, तेव्हा तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला त्यांची कल्पना द्यावी. कामेच्छा कमी होऊ शकते, हेही आधी माहीत असावे. याच त्रासासाठी कधी टॅडालाफिल नावाची गोळी लिहून दिली आणि छातीच्या दुखण्यासाठी जिभेखालची सॉर्बिट्रेट चालू असेल, तर दोन्ही एकत्र कधीही घेऊ नयेत. रक्तदाब धोकादायक खाली जातो.

लघवी एकदम तुंबली तर असह्य दुखते आणि माणूस आपोआप दवाखान्यात पोहोचतो. नळी (कॅथेटर) घालून मूत्राशय रिकामे करतात, गोळी सुरू करतात आणि काही दिवसांनी नळी काढून पाहतात. खरी भीती बिनदुखी तुंबण्याची आहे. मूत्राशय महिनोन्‌महिने भरलेले राहते आणि वरून थोडी थोडी लघवी सांडते. उतारवयात नव्याने अंथरूण ओले होऊ लागले, तर ‘वय झाले’ म्हणून चादर बदलत बसू नये. त्याच आठवड्यात क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी करावी. तोवर मूत्रपिंडे निकामी होत आलेली असू शकतात.

वारंवार तुंबणे, मूत्राशयात खडे, पुन्हा पुन्हा संसर्ग, लघवीतून रक्त, मूत्रपिंडांवर परिणाम, किंवा गोळ्यांनी न हटणारा त्रास असेल तर ऑपरेशन लांबवू नये. टीयूआरपीमध्ये मूत्रमार्गातूनच दुर्बीण नेऊन वाढलेला भाग खरवडून काढतात. पोटावर टाका नसतो. ग्रंथी फार मोठी असेल तर होल्मियम लेझरने आतला गर सोडवतात, त्याला होलेप म्हणतात. संत्र्याची साल तशीच ठेवून फोडी काढाव्यात, तसे. वाफेने ग्रंथी आकसवणे किंवा बारीक खुंट्यांनी मार्ग उघडा ठेवणे हेही उपाय आहेत, पण ते निवडक रुग्णांसाठी आणि मोजक्या ठिकाणी मिळतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये. कधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. ऑपरेशननंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याचा अपाय नाही, पण पतिपत्नींना आधी सांगितलेले नसेल तर उगीच धक्का बसतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि सत्तरी ओलांडलेल्यांसाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड यांची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी.

नळी सहसा एक-दोन दिवसांत निघते. पुढचे काही आठवडे लघवी मधूनच लालसर होते, विशेषतः जोर केल्यावर. पाणी प्यावे, वजन उचलू नये. गुठळ्या पडू लागल्या, ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच परत जावे. घाईची लघवी आणि जळजळ निवळायला वेळ लागतो. काढलेल्या तुकड्यांचा तपासणी अहवाल मागून घ्यावा. ग्रंथीची साल मागे राहिलेली असते आणि कॅन्सर बहुधा त्याच भागात उगवतो, म्हणून पुढची पीएसए केव्हा करायची ते विचारून तारीख फाइलवर लिहून घ्यावी.