झिरझिरीत कागदावर 'ईद मुबारक'

चंद्र दिसल्याची बातमी आली की दहा मिनिटांत मोबाइल भरून जातो. तेच चित्र, तोच मजकूर, आणि आपणही तोच पुढे पाठवतो. शुभेच्छा शंभर जणांना पोहोचतात. पण 'हे खास माझ्यासाठी केले' असे त्यांतल्या एकालाही वाटत नाही. एके काळी मुंबई-लाहोरच्या छापखान्यांतून ईदकार्डे निघत आणि पोस्टाने घरोघरी जात. आता दुकानात ती शोधावी लागतात. म्हणून आम्ही म्हणतो, यंदा घरीच चार-पाच कार्डे बनवा. सगळ्या गोतावळ्यासाठी नको. एकट्या राहणाऱ्या नानीसाठी, सुरतला नोकरीला गेलेल्या भावासाठी, सासरी पहिलीच ईद असलेल्या मुलीसाठी आणि ईदला शीरखुर्मा प्यायला येणाऱ्या शेजारच्या काकांसाठी.

वेलम म्हणजे ट्रेसिंग पेपर

कार्डांच्या छंदात सध्या 'वेलम' हा शब्द फार ऐकू येतो. मूळ वेलम म्हणजे वासराचे कमावलेले, लिहिण्यासाठी तयार केलेले कातडे. कागद येण्याआधी मौल्यवान मजकूर अशा कातड्यावरच लिहीत. सूरह तूरमध्ये आलेला 'रक्क' हा शब्द अशाच चर्मपत्राचा. बर्मिंगहॅम विद्यापीठातील कुरआनची जुनी पाने बकरीच्या किंवा मेंढीच्या कातड्यावर आहेत. ते चर्मपत्र इ. स. ५६८ ते ६४५ या काळातले असल्याचे तपासणीनंतर २०१५ मध्ये जाहीर झाले.

आज दुकानात मिळणाऱ्या वेलममध्ये मात्र कातडे नसते, तेव्हा शंका नको. तो लाकडाच्या लगद्याचा झिरझिरीत कागद असतो. जळगाव-धुळ्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे ड्रॉइंगचे सामान मिळते तिथे 'ट्रेसिंग पेपर' मागा. ९० जीएसएमच्या आसपासचा जाड घ्या. स्वयंपाकघरातला बटर पेपर चालत नाही. त्यावर शाई धरत नाही.

कागद आपल्याच जिल्ह्यातला होता

या झिरझिरीत पानाखाली जाड हातकागद फार शोभतो. आणि हातकागदाशी आपले जुने नाते आहे. जळगाव जिल्ह्यातले एरंडोल एके काळी देशी कागदासाठी प्रसिद्ध होते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. महाराष्ट्रात हा कागद बनवणारे कागदी बहुतेक मुसलमानच होते. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा मोडत गेला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तो अजून टिकून आहे. कार्डासाठी हातकागदाची दोन पाने विकत घेतली तरी तेवढा आधार त्या हातांना मिळतो. मुलांना हेही सांगावे की कागद बनवणे ही आपल्या वाडवडिलांची कारागिरी होती.

शिक्का घरचाच

रबरी शिक्के बनवणाऱ्याकडून उर्दू किंवा मराठीत 'ईद मुबारक' करून घेता येते. पण साधे खोडरबरही पुरते. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने नक्षी काढा, कागद उलटा करून खोडरबरावर ठेवा आणि नखाने घासा. नक्षी आपोआप उलटी उमटते, म्हणजे छापल्यावर ती सुलटी येईल. मग रेघांच्या आजूबाजूचे रबर पात्याने कोरून काढा. पाते मोठ्यांच्याच हाती असू द्या.

नक्षी कोणती? शिरपूर तालुक्यात थाळनेरला फारुकी सुलतानांचे मकबरे आहेत, त्यांतला एक अष्टकोनी आहे. तोच धागा धरून आठ टोकांचा तारा करा: एक चौकोन काढा, त्यावर तेवढाच दुसरा चौकोन तिरका ठेवा. लहान मुलांना आडवी कापलेली भेंडी द्या. तिचा छाप फुलासारखा येतो. भेंडीचा छाप खालच्या हातकागदावरच घ्यावा. पाणचट रंगाने ट्रेसिंग पेपर लगेच लाटा धरतो.

छापताना

साधा कागद शाई पितो, ट्रेसिंग पेपर पीत नाही. शाई वरच तरंगत राहते. या कामातली सगळी अडचण हीच आणि सगळी शोभाही हीच, कारण न फुटलेली रेघ इतकी स्वच्छ दुसऱ्या कागदावर क्वचितच येते.

ऑफिसच्या पॅडची शाई इथे बराच वेळ ओली राहते आणि बोट लागताच पसरते. न शोषणाऱ्या पृष्ठभागावर वाळणारी पक्की शाई मागून घ्या. शिक्का सरळ खाली टेकवा, हलका दाब द्या, सरळ वर उचला. डोलवला की घसरतो. छापलेली पाने एकावर एक न ठेवता रात्रभर पसरून ठेवा. पंखा बंद ठेवा.

उठावाची सोनेरी अक्षरे हवी असतील तर आधी कागदावरून किंचित टाल्कम पावडर फिरवून पुसून घ्या, म्हणजे बोटांचा ओशटपणा राहत नाही. मग संथ वाळणाऱ्या पिगमेंट शाईने छापा, ओल्या छापावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरा, जास्तीची झटकून टाका आणि हीट गनने तापवा. केस वाळवायच्या यंत्राने पावडर वितळत नाही, उडून मात्र जाते. उष्णता एकाच जागी धरू नका. पावडर चमकली की थांबा, नाहीतर कागद आक्रसतो. रंग भरायचा तर पाठीमागून रंगीत पेन्सिलीने भरा. समोरून तो मंद, धुक्यातून दिसल्यासारखा दिसतो. गोंदाचे डागही आरपार दिसतात, म्हणून वरच्या बाजूला दोन भोके पाडून रेशमी दोऱ्याने दोन्ही पाने बांधा.

काय लिहावे?

कार्ड कधी ना कधी रद्दीत जाते, पायाखाली येते. म्हणून आयत, अल्लाहचे नाव किंवा ते नाव असलेली दुआ शिक्क्यात न घेणे बरे. दुआ तोंडाने द्यावी, फोनवर द्यावी. शिक्क्यात 'ईद मुबारक', चंद्रकोर, तारा, जाळी पुरे. शेजाऱ्यांच्या कार्डावर मराठीत 'ईदच्या शुभेच्छा' लिहिले तर त्यांना ते अधिक आपले वाटेल.

आतल्या हातकागदावर मात्र दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा. 'नानी, तुमच्या हातच्या शेवयांची आठवण येते' एवढे पुरे. शिक्का सगळ्या कार्डांवर सारखाच असतो. या दोन ओळी कुणाच्याच सारख्या नसतात. नानीला वाचता येत नसेल तर घरातले कुणी वाचून दाखवील, आणि ती पुन्हा वाचायला लावील.

पाकिटात एक पुठ्ठा घाला, म्हणजे पोस्टाच्या ठप्प्याने कार्ड चुरगळणार नाही. रमजानच्या विसाव्या रोजाच्या आत ते टपालात पडू द्या. म्हणजे कामाला पहिल्या अशऱ्यातच बसायला हवे. तरावीहनंतरचा अर्धा तास रोज काढला, तर चार-पाच कार्डे सहज होतात.