सात गुंठ्यांची वाटणी

४ सप्टेंबर १९६२. जकार्ताच्या सेनायन स्टेडियमवर आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या फुटबॉलची अंतिम लढत सुरू होती. समोर दक्षिण कोरिया. याच संघाने स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात भारताला २-० असे हरवले होते. खचाखच भरलेले स्टेडियम भारताच्या विरोधात घोषणा देत होते. आणि भारताच्या आघाडीच्या फळीत, सेंटर फॉरवर्डच्या जागेवर, डोक्याला टाके पडलेला एक बचावपटू उभा होता.

तो होता जर्नेलसिंग. आशियातल्या अव्वल स्टॉपरांमध्ये, म्हणजे मध्यभागी उभ्या राहणाऱ्या बचावपटूंमध्ये, त्याची गणना होत असे. थायलंडविरुद्ध त्याचे डोके फुटले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यानंतर त्याला नेहमीच्या जागेवर ठेवले नाही. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यांनी त्याला सरळ पुढे पाठवले. तिथे त्याने गोल केला. अंतिम सामन्यातही सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी आणि विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंग, असे दोन गोल झाले आणि भारताने २-१ असे सुवर्णपदक जिंकले. मधल्या फळीत गोव्याचा फॉर्च्युनातो फ्रँको होता, गोलमध्ये पीटर थंगराज. त्या पदकाची बरोबरी भारतीय फुटबॉलला आजवर करता आलेली नाही. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

रहीम यांच्या निर्णयामागचा हिशेब समजून घेतला की फुटबॉलमधल्या व्यूहरचनेचा गाभा हाती लागतो. जायबंदी माणूस मागे ठेवला तर त्याच्या एका चुकीचा थेट गोल होतो. तोच पुढे ठेवला तर त्याच्या चुकीने फार तर एक संधी वाया जाते. अकरा जण तेच, मैदान तेच. फक्त कोण कुठे उभा राहणार एवढेच बदलले.

टीव्हीवर सामना सुरू होण्याआधी पडद्यावर आकडे येतात: ४-४-२, ४-३-३, ३-५-२. गोलरक्षक सोडून उरलेल्या दहा जणांची ही मांडणी, मागून पुढे वाचायची. ४-४-२ म्हणजे चार बचावपटू, चार मधल्या फळीत, दोन आघाडीला. यातली सर्वांत चांगली रचना कोणती, हा प्रश्न चहाच्या टपरीपासून क्लबांच्या बैठकांपर्यंत सगळीकडे रंगतो. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी जमिनीची मोजणी करावी लागते.

आंतरराष्ट्रीय सामन्यांचे प्रमाण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. म्हणजे ७१४० चौरस मीटर. आपल्या हिशेबात साधारण सत्तर गुंठे, पावणेदोन एकर. दहा जणांत वाटले तर माणशी सात गुंठे. सात गुंठ्यांवर एकट्या माणसाने नव्वद मिनिटे पहारा देणे अशक्य आहे. म्हणून प्रत्येक संघाला मैदानाचा काही भाग मोकळा सोडावाच लागतो. कोणती जागा राखायची आणि कोणती सोडून द्यायची, याचा आगाऊ केलेला करार म्हणजे फॉर्मेशन.

खेळाच्या सुरुवातीच्या काळात हा करार अगदी बेफिकीर होता. १८७२ साली ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा दोन्हीकडची बहुतेक माणसे पुढेच होती. तरी सामना ०-० सुटला! पुढे २-३-५ ही रचना रूढ झाली: मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच. ती मोडली एका नियमाने. १९२५ पर्यंत ऑफसाइड टाळायला आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत; त्या वर्षी ही संख्या दोनवर आणली. गोलांचा पाऊस सुरू झाला. ऑक्टोबर १९२५ मध्ये न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० असे धुतल्यावर प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन आणि त्यांचा अनुभवी खेळाडू चार्ली ब्युकन यांनी मधल्या फळीतला मधला माणूस मागे ओढून तिसरा बचावपटू केला. हळूहळू त्यातून जी रचना घडली तिचा आकार कागदावर इंग्रजीतल्या डब्ल्यू आणि एम या अक्षरांसारखा दिसे, म्हणून तिचे नाव पडले डब्ल्यू-एम. पुढची पंचवीस वर्षे इंग्लंडने ती जवळपास धर्मग्रंथासारखी पाळली.

ती किती आंधळेपणाने पाळली, हे २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर उघडे पडले. पाहुणा संघ होता हंगेरीचा, आदल्या वर्षीचा ऑलिंपिक विजेता. इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनवर ठरलेली जबाबदारी होती: समोरच्या नऊ नंबरच्या सेंटर फॉरवर्डला सोडायचे नाही. हंगेरीच्या नऊ नंबरचे नाव नांदोर हिदेगकुटी. पण तो पुढे उभाच राहीना. तो मागे मधल्या फळीत जाऊन चेंडू घ्यायचा आणि तिथून खेळ चालवायचा.

जॉन्स्टनपुढे दोनच वाटा होत्या. हिदेगकुटीच्या मागे जावे तर स्वतःच्या गोलसमोर खिंडार पडते आणि त्यात पुश्कास, कोचिश घुसतात. जागेवर थांबावे तर हिदेगकुटी मोकळा. दोन्ही वाटांनी गोल झाले. पहिल्याच मिनिटाला हिदेगकुटीने जाळे हलवले, पुढे हॅटट्रिक पुरी केली, हंगेरी ६-३ ने जिंकला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून घरच्या मैदानावर इंग्लंड त्याआधी कधीही हरले नव्हते. पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये तर ७-१ असा निकाल लागला. इंग्लंडचे खेळाडू काही सामान्य नव्हते. स्टॅन्ली मॅथ्यूज त्याच संघात होता. पण त्यांची रचना जर्सीच्या नंबरावर विसंबली होती आणि हंगेरीची रचना मोकळ्या जागेवर.

इथून पुढे खरे तर प्रत्येक नवी रचना म्हणजे आधीच्या रचनेने सोडलेल्या गुंठ्यांवर केलेले अतिक्रमण आहे. ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक ४-२-४ ने जिंकला. मध्ये दोघेच उरतात ही अडचण ओळखून डावीकडचा मारियो झगालो वारंवार मागे येत राहिला आणि १९६२ पर्यंत ती रचना ४-३-३ कडे झुकली. १९६६ मध्ये इंग्लंडच्या अल्फ रॅम्से यांनी विंगरच, म्हणजे कडेने धावणारे आघाडीवीरच, काढून टाकले आणि विश्वचषक जिंकला. १९८६ मध्ये अर्जेंटिनाच्या कार्लोस बिलार्दो यांनी मागे तीन, मध्ये पाच ठेवून मॅराडोनाला मोकळे रान दिले.

इटलीच्या अरिगो साकी यांनी मात्र वेगळाच विचार केला. राखायला सत्तर गुंठे जमत नाहीत ना, मग मैदानच लहान करा. त्यांच्या मिलान संघाची ४-४-२ ही मांडणी साधीच होती. पण शेवटचा बचावपटू आणि पहिला आघाडीवीर यांच्यातले अंतर पंचवीस मीटरच्या आसपास ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता. चेंडू पुढे गेला की बचावफळी एकजुटीने पुढे सरकायची, मागे उरलेल्या मोकळ्या मैदानाची राखण ऑफसाइडचा नियम करायचा. पंचवीस गुणिले अडुसष्ट म्हणजे साधारण सतरा गुंठे, माणशी पावणेदोन. एवढ्या जागेत चेंडू घेणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला मान वर करायलाही फुरसत मिळत नसे. १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप मिलानने जिंकला. आकडे तेच ४-४-२; फरक अंतराचा होता. टीव्हीवरच्या आकृतीत हे अंतर कधीच दिसत नाही.

रचना निवडताना हाताशी कोण आहे हे आधी पाहावे लागते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लिश लीगमधल्या चेल्सीचे नवे प्रशिक्षक अंतोनियो कोन्ते यांना आर्सेनलविरुद्ध मध्यंतरालाच ०-३ अशी पिछाडी बघावी लागली. पंचावन्नाव्या मिनिटाला त्यांनी फाब्रेगासला काढून मार्कोस अलोन्सोला आणले आणि मागे तिघे केले. तो सामना गेला, पण पुढच्या सामन्यापासून चेल्सी ३-४-३ खेळू लागली. पुढच्या सहा लीग सामन्यांत त्यांच्यावर एकही गोल झाला नाही, लागोपाठ तेरा सामने त्यांनी जिंकले आणि अखेर ९३ गुणांसह विजेतेपद. या बदलासाठी नवे खेळाडू विकत आणले नव्हते. तीन हंगाम दुसऱ्या क्लबांना उसना दिलेला व्हिक्टर मोझेस उजवीकडचा विंगबॅक, म्हणजे कडेने मागे-पुढे धावणारा खेळाडू, झाला. फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, असलेला अस्पिलिकुएता तीन स्टॉपरांपैकी एक झाला. मागची राखण पक्की झाल्यामुळे एडन हॅझार्डला बचावासाठी धावत यायची गरज उरली नाही. आणि मध्यभागी एन्गोलो कान्ते होता, जो एकटा दोघांची जमीन कसत होता.

त्याच्या आदल्या वर्षी हाच कान्ते लेस्टरमध्ये होता आणि तिथली रचना जुनाट समजली जाणारी ४-४-२ होती. आदल्या हंगामात चौदाव्या क्रमांकावर राहिलेला हा संघ क्लाउडिओ रानिएरी यांच्या हाताखाली लीग जिंकला. मॉर्गन आणि हूथ हे त्यांचे दोन स्टॉपर धिप्पाड, पण वेगात कमी. त्यांना पुढे सरकवले असते तर मागे मैदान उघडे पडले असते, म्हणून त्यांना गोलजवळच ठेवले. पुढे जेमी वार्डीचा वेग होता, म्हणून चेंडू हिसकावला की लगेच लांब फटका. चेंडू बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्याकडेच असायचा. वार्डीने मात्र त्या हंगामात २४ लीग गोल केले. साकींची ४-४-२ आणि रानिएरींची ४-४-२ यांत नावाखेरीज फारसे साम्य नाही.

आणि समोर कोण आहे? २०२२ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचे लिओनेल स्कालोनी यांनी या प्रश्नाचे उत्तर दर सामन्याला नव्याने शोधले. नेदरलँड्सचे विंगबॅक धोकादायक होते, म्हणून तिथे पाच बचावपटू. क्रोएशियाकडे मॉद्रिच, ब्रोझोविच, कोवाचिच हे त्रिकूट होते, म्हणून तिथे मधली फळी चौघांची. अंतिम फेरीत फ्रान्सविरुद्ध पुन्हा ४-३-३, पण एका कलाटणीसह. उजवीकडे खेळणाऱ्या आंखेल दि मारियाला त्यांनी डावीकडे उभे केले.

फ्रान्सच्या त्या बाजूला ज्युल्स कुंदे होता, मुळातला स्टॉपर, गरजेपोटी उजवा फुलबॅक झालेला. त्याच्या पुढे उस्मान देंबेले, हाडाचा विंगर. बचाव हा त्याचा पिंड नाही. अर्जेंटिनाने तीच जागा हेरली. एकविसाव्या मिनिटाला दि मारिया देंबेलेला चकवून पेनल्टी बॉक्समध्ये शिरला, देंबेलेने त्याला पाडले, मेस्सीने पेनल्टीवर गोल केला. छत्तिसाव्या मिनिटाला प्रतिहल्ल्यात चेंडू मॅक अलिस्टरकडे आला आणि पलीकडे डावीकडे दि मारिया पुन्हा मोकळा. २-०. मध्यंतरापूर्वीच देंबेलेला बाहेर काढण्याची पाळी फ्रान्सवर आली.

चौसष्टाव्या मिनिटाला दि मारियाला काढून स्कालोनींनी बचावाला माणूस आणला, आणि फ्रान्सच्या त्या बाजूचा जाच संपला. ऐंशीव्या आणि एक्याऐंशीव्या मिनिटाला एम्बापेचे दोन गोल झाले. सामना ३-३ होऊन पेनल्टी शूटआउटवर गेला, तेव्हा कुठे अर्जेंटिनाला कप मिळाला. एम्बापेच्या प्रतिभेचे श्रेय कोणी काढून घेऊ नये. पण तो बदल घाईचा होता, असेच तो सामना पुन्हा पाहिल्यावर वाटते.

अलीकडे तर आकड्यांनी एकाच सामन्यात दोन रूपे घेतली आहेत. २०२३ मध्ये तीन किताब जिंकणाऱ्या मँचेस्टर सिटीची मांडणी चेंडू गमावल्यावर ४-४-२ सारखी दिसे. चेंडू हाती आला की बचावपटू जॉन स्टोन्स मधल्या फळीत सरके आणि तीच मांडणी ३-२-४-१ होई. हे करायला स्टोन्ससारखा, पाठीवर माणूस असताना चेंडू सांभाळणारा बचावपटू लागतो. तो नसेल तर नक्कल करण्यात अर्थ नाही.

नेमकी हीच चूक आपल्याकडच्या मैदानांवर होताना दिसते. शाळांच्या स्पर्धा ऐन पावसाळ्यात सुरू होतात. चिखलात चेंडू दहा मीटर सरळ जात नाही, आणि तेरा वर्षांची मुले टीव्हीवरच्या संघासारखी गोलरक्षकापासून छोटे पास देत बसतात. दोन्ही विंगर रेषेला चिकटून थिजतात, मध्ये तिघे चेंडूमागे एकत्र धावतात, उरलेले मैदान ओस. अशा संघाला ४-४-२ सर्वांत उपकारक आहे. प्रत्येकाला शेजारी कोण, पुढे कोण हे डोळ्यांना दिसते. शेजारी सरकला की आपण सरकायचे, एवढा एकच नियम मुलांना शिकवावा लागतो. वेगवान मुलगा असेल तर त्याच्या पुढ्यात जागा ठेवावी. एकच भरवशाचा स्टॉपर असेल तर त्याच्या शेजारी सर्वांत शांत डोक्याचा मुलगा द्यावा, मग तो कितीही चांगला ड्रिबलर असो. प्रशिक्षकांनी आधी मुलांची यादी करावी आणि आकडे नंतर लिहावेत.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे तालीम संघ भिडतात, मडगावच्या फातोर्ड्याला एफसी गोवाचे सामने होतात, अंधेरीत मुंबई सिटी खेळते. यांपैकी कुठेही जाणे झाले तर शक्य तेवढ्या वरच्या पायरीवर बसावे. पहिली दहा मिनिटे चेंडूवरून नजर काढून चेंडूपासून सर्वांत दूर असलेले चौघे पाहावेत: ते कुठे उभे आहेत, त्यांच्यात किती अंतर आहे, आणि मैदानाचा कोणता तुकडा त्यांनी रिकामा सोडला आहे. मग समोरच्या संघातल्या कोणाला तो तुकडा दिसला आहे, ते शोधावे.