फलाट वाढले म्हणजे गाड्या वाढल्या?

चांदवड शहरात रेल्वे नाही. इथल्या माणसाचं स्टेशन म्हणजे मनमाड, नाहीतर लासलगाव. त्यामुळे गाड्यांचा विषय निघाला की मागणी ठरलेली: मनमाडला आणखी फलाट बांधा. फलाट वाढले की गाड्या वाढतात, हा त्यामागचा समज अर्धाच खरा आहे. स्टेशनची क्षमता ठरते फलाटांच्या टोकांना, जिथे सगळे रूळ सांध्यांवरून एकमेकांत मिसळतात. मनमाडला मुंबई-भुसावळ मुख्य मार्गाला दौंड आणि छत्रपती संभाजीनगरकडचे मार्ग येऊन मिळतात. एखादी गाडी मुख्य रूळ ओलांडून बाजूच्या फलाटाला लागत असेल, तर मागची गाडी सिग्नलबाहेर अडकते; आत दोन फलाट रिकामे असले तरी. हिशेब करून पाहा. २४ डब्यांची एलएचबी गाडी इंजिनासह सुमारे ६०० मीटर लांब. सांध्यावर ताशी १५ किलोमीटरची मर्यादा असेल, तर तिची शेपटी पार व्हायला जवळपास अडीच मिनिटं लागतात. चांगला सांधा बसवून ती मर्यादा ३० केली, की वेळ निम्म्यावर येतो. नवा फलाट न बांधता मिळालेली ही जागा आहे.

लांबीचंही तसंच. मुंबईत सीएसएमटीचे १० आणि ११ क्रमांकाचे फलाट २०२४ मध्ये २४ डब्यांसाठी वाढवले. फलाटांची संख्या तीच राहिली, पण लांब गाड्यांची सोय झाली. मात्र चालू स्टेशनात काम केल्यामुळे मोठा ब्लॉक घ्यावा लागला आणि शेकडो लोकल रद्द झाल्या. उशिरा केलेल्या आखणीची किंमत प्रवाशांनी मोजली.

यावर कोणी म्हणेल, मनमाडहूनच सुटणाऱ्या गाड्यांना तर फलाट लागतोच. बरोबर आहे. पण रिकामी गाडी तासन्‌तास फलाटावर उभी ठेवण्यापेक्षा ती यार्डात नेण्यासाठी स्वतंत्र रूळ दिला, तर तोच फलाट दिवसभर इतर गाड्यांच्या कामी येतो.

हा प्रश्न आता तातडीचा आहे. ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये. तो मार्ग मनमाडला मिळताना मुख्य रूळ सपाटीवरच ओलांडणार असेल, तर प्रत्येक नवी गाडी जुन्या गाड्यांना थोपवेल. म्हणून चांदवडकरांनी निवेदनात फलाटांची संख्या मागण्याआधी मनमाड यार्डाचा नकाशा मागावा, आणि उड्डाणमार्ग व जादा रुळांसाठी जागा आजच राखून ठेवायला लावावी.