लाटांसारखा येणारा ताप

इंग्रजीतला ‘अन्ड्युलेटिंग’ हा शब्द बहुतेकांना भूगोलाच्या पुस्तकात भेटलेला असतो : चढउतारांची, लाटांसारखी दिसणारी जमीन. त्याचे मूळ लॅटिन ‘उंडा’, म्हणजे लाट. वैद्यकात या शब्दाने एका आजारालाच नाव दिले, ‘अन्ड्युलंट फीवर’. मराठीत ‘लहरी ताप’ म्हणावे तर ताप मनमौजी आहे असे वाटेल. तेही फारसे चुकीचे नाही म्हणा!

हा आजार म्हणजे ब्रुसेलोसिस. उपचार न झालेल्या रुग्णाचा ताप काही दिवस चढत जातो, हळूहळू उतरतो, मधे बरे वाटते आणि पुन्हा लाट येते. माल्टा बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांना त्याने हैराण केले होते. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जिवाणू शोधला. ‘अन्ड्युलंट’ हे नाव ह्यूज या लष्करी डॉक्टरांनी १८९७ मध्ये रूढ केले. पण जिवाणू येतो कुठून? उत्तर १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट यांना सापडले : धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून. पुढच्याच वर्षी सैनिकांना ते दूध बंद झाले आणि रुग्ण झपाट्याने घटले.

आपल्याकडे धारोष्ण दुधाचे कौतुक अजून संपलेले नाही. दूध उकळले की हा जिवाणू मरतो, एवढे पुरेसे आहे. गोठ्यातला धोका वेगळा. गाय किंवा म्हैस गाभडली की पडलेला गर्भ आणि वार यांत जिवाणू खच्चून भरलेले असतात, आणि घरची माणसे ते उघड्या हातांनी उचलतात. तिथे हातमोजे हवेतच. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना प्रतिबंधक लस एकदाच टोचतात.

नावावर मात्र फार विसंबू नये. तापाच्या गोळ्या घेतल्या की आलेखातली लाट पुसली जाते. उरतो रात्रीचा घाम, कंबरदुखी, सांधेदुखी आणि थकवा. मग टायफॉइड किंवा क्षयाचा संशय येतो. म्हणून ताप लांबला तर घरात जनावरे आहेत, कच्चे दूध पितो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. निदान रक्ततपासणीने होते. दोन प्रतिजैविके साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मधेच सोडली, तर आजार उलटतो.