नावापुरता मऊ चेंडू

अमेरिकेत शाळकरी मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना बघायला मिळाला, तर आधी पहिल्या बेसकडे नजर टाका. बऱ्याच मैदानांवर तिथे जोडउशी दिसेल, अर्धी पांढरी, अर्धी केशरी. पांढरा भाग रेषेच्या आत, केशरी बाहेर. चेंडू झेलायला उभी असलेली मुलगी पांढऱ्यावर पाय ठेवते, जीव तोडून धावत आलेली केशरीवर. एरवी दोघींच्या वाट्याला पंधरा इंचांचा एकच चौकोन असतो. एकीचे डोळे चेंडूवर, दुसरीचे उशीवर, आणि दोघींचे घोटे एकमेकींच्या वाटेत. एका केशरी तुकड्याने हा घोळ मिटवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याहून मोठी करामत उशीच्या खाली आहे. जुन्या पद्धतीची उशी जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटीला घट्ट बसवलेली असते. स्लाइड मारत आलेल्या खेळाडूचा पाय तिच्यावर आदळला, की उशी हलत नाही, घोटा मात्र हलतो. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात तिथल्या हौशी सामन्यांत धक्क्यासरशी निखळणाऱ्या उशा लावून पाहिल्या. दोन्ही तऱ्हांच्या मैदानांवर प्रत्येकी सहाशेहून अधिक सामने झाले. घट्ट उशांवर स्लाइड मारताना ४५ जण जखमी झाले, निखळणाऱ्या उशांवर फक्त २. खेळ तोच, खेळणारेही तसेच. बदलली होती ती फक्त उशी.

आता चेंडू. १८८७ साली शिकागोत हा खेळ जन्मला तेव्हा बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला होता आणि झाडूच्या दांड्याची बॅट. त्या काळी 'सॉफ्ट' हा शब्द शोभला असता. आजचा चेंडू हातात घेऊन बघा. घेर १२ इंच, वजन १७८ ते १९८ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा मोठा आणि जडही. त्याच्यावर बहुधा ३७५ हा आकडा छापलेला असतो. हा चेंडू पाव इंच दाबायला ३७५ पौंडांचा, म्हणजे सुमारे १७० किलोंचा भार लागतो!

क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी एक भागाकार करून बघावा. कॉलेजच्या सामन्यात पिचरची, म्हणजे चेंडू टाकणारीची, पट्टी बॅटरच्या पुढ्यातल्या होम प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे साधारण १३ मीटरवर असते. पिचर लांब ढांग टाकून चेंडू सोडते, त्यामुळे खरं अंतर उरतं साडेअकरा मीटरच्या आसपास. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी १०५ किमीने येतो. बॅटरला मिळतात ०.३९ सेकंद. क्रिकेटमध्ये ताशी १४० किमीचा चेंडू क्रीजपासून क्रीजपर्यंत यायला ०.४५ सेकंद घेतो. सॉफ्टबॉलची पिचर मोनिका अ‍ॅबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैलांचा, म्हणजे सुमारे १२४ किमीचा चेंडू टाकला होता. त्या वेगाला बॅटरच्या हाती सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो.

आणि परतीचा चेंडू? मान्यताप्राप्त बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग ताशी ९८ मैलांच्या आत राहावा अशी प्रयोगशाळेतली कसोटी आहे. त्या वेगाने चेंडू पिचरकडे पाव सेकंदात पोचतो, आणि ती तर ढांग टाकून वाकलेली असते. म्हणून तिच्या तोंडावर संरक्षक जाळी. शाळांच्या सामन्यांत बॅटरच्या हेल्मेटला जाळी सक्तीची आहे. पिचरने घातलीच पाहिजे अशी सक्ती सगळीकडे नाही, तरी समजूतदार मुली घालतात. लहान वयोगटांसाठी अंतरही मोजून बेतलेलं असतं: दहा वर्षांपर्यंत ३५ फूट आणि ११ इंची चेंडू, बारापर्यंत ४० फूट.

एवढ्या बारकाईने बाहेरचा मार अडवणारा हा खेळ आतल्या झिजेबाबत मात्र बेसावध राहिला. बेसबॉलचा पिचर बहुधा हात खांद्यावरून आणतो, सॉफ्टबॉलची पिचर पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू सोडते. खालून टाकणं शरीराला सोपं, त्याने काही होत नाही, असं पिढ्यानपिढ्या मानलं गेलं. शिकागोतल्याच रश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये पिचर मुलींच्या स्नायूंचे विद्युतसंकेत मोजले. खांद्यावरून फेकताना बेटकुळीच्या स्नायूवर जेवढा ताण येतो, त्याहून जास्त या पवनचक्कीत येतो असं दिसलं. लिटल लीगच्या बेसबॉलमध्ये २००७ पासून मुलाने किती चेंडू टाकले याची मोजदाद होते. मुलींच्या खेळात तितकी काटेकोर मोजणी रुजली नाही.

आणि नेमका हाच हात कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या शर्यतीत पणाला लागतो.

१९७२च्या 'टायटल नाइन' कायद्याने मुलींना कॉलेजच्या खेळांत बरोबरीचा हक्क मिळाला आणि दार उघडलं. पण शिष्यवृत्ती म्हणजे सगळी फी माफ, हा समज चुकीचा आहे. कॉलेज स्पर्धांच्या तीन विभागांपैकी अव्वल विभागातल्या संघाकडे अनेक वर्षं १२ पूर्ण शिष्यवृत्त्या असत आणि संघात मुली वीस-बावीस. प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून वाटत, कोणाला अर्धी, कोणाला पाव. २०२५-२६ पासून १२ची मर्यादा उठवणारी नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना संघातल्या पंचवीसही मुलींना मदत देता येते. दुसऱ्या विभागात संघामागे ७.२ इतकीच मर्यादा, तिसऱ्या विभागात आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच. अव्वल विभागासाठी हायस्कूलचे १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. या विभागातले प्रशिक्षक अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी मुलीशी निवडीबद्दल बोलू शकत नाहीत. हा नियम २०१८ मध्ये आला आणि फार बरं झालं, कारण त्याआधी आठवीतल्या मुलींना तोंडी आश्वासनं मिळत होती.

त्या तारखेआधीही प्रशिक्षकांची नजर असतेच, आणि ती पडते उन्हाळ्यातल्या क्लबांच्या स्पर्धांवर. एका शनिवार-रविवारात चार-पाच सामने, आणि चांगली पिचर सारखी पुढे केली जाते. २०२४ मध्ये पिचर नायजरी कॅनडीला टेक्सास टेककडून खेळण्यासाठी दहा लाख डॉलरहून मोठा करार मिळाला. तेव्हापासून कितीतरी घरांत स्वप्नांचा आकडाच बदलला असेल.

न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात मुलीला मैदानावर सोडायला जाणाऱ्या मराठी आईबाबांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. हेल्मेट आणि जाळी तुम्ही घेऊन द्यालच. सोबत एक साधी वही ठेवा. रोज तीन गोष्टी लिहा: आज किती चेंडू टाकले, सराव धरून, किती दिवस विश्रांती झाली, खांदा किंवा दंड दुखला का. दुखला असेल तर पुढच्या सामन्याआधी ती वही प्रशिक्षकापुढे ठेवा, मग स्टँडमध्ये कुठल्याही विद्यापीठाचा माणूस बसलेला असो.